मोटर चालू केली की एक प्रॉब्लेम: एक्सरसिझम सात महिने वापरून बघितलं

आधीच सांगतो, एक्सरसिझम ही कोडिंगचा सराव करायची साइट फुकट आहे आणि हे लिहायला मला कुणी पैसे दिलेले नाहीत, उलट गेल्या महिन्यात मीच त्यांना थोडे डोनेट केलेत. तेव्हा प्रमोशन-बिमोशन म्हणू नका.

झालं असं की पुण्यातल्या एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. आठ वर्षं कोड लिहितोय, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं सहा जणांचं ऑफिस, फौंड्रीवाल्यांना स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो, सगळं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, म्हणजे अगदीच नवखा गडी नाही. समोरच्या मॅडम म्हणाल्या स्क्रीन शेअर करा, एक लिस्ट देते, त्यात जे नंबर दोनदा आलेत तेवढे काढून दाखवा, गूगल नको, एआय नको. बास एवढंच. आणि हात थांबला की राव. काय करायचंय ते कळतंय, पण डिक्शनरीत (पायथनमध्ये नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या ठेवायची सोय) एखादी गोष्ट आधीपासून आहे का ते बघायचं कसं लिहितात तेच आठवेना. ऑफिसात दोन अक्षरं टाइप केली की एडिटर पुढचं सगळं भरून देतो आणि मी टॅब दाबतो, गेली दोन वर्षं माझं खरं स्किल म्हणजे टॅब दाबणे हे त्या दिवशी कळलं. मॅडम बिचाऱ्या चांगल्या होत्या, म्हणाल्या आरामात करा, घाई नाही, त्यानं तर अजूनच घाम फुटला.

त्यानंतर दोन चुका केल्या. पहिली, एक ॲप घेतलं, नाव घेत नाही, रोज पाच मिनिटांत कोडिंग शिका टाइप. त्यात रिकाम्या जागा भरायच्या आणि बरोबर आलं की फटाके उडायचे. बावीस दिवसांचा स्ट्रीक झाला, मग ताप आला, दोन दिवस उघडलं नाही, तर स्ट्रीक परत मिळवायचा असेल तर पैसे भरा म्हणाले. आणि बावीस दिवसांत मी एक ओळ पण कोऱ्या पानावर लिहिली नव्हती, नुसते पर्याय निवडले होते. ऑटो-डेबिट बंद करायला पुढं तीन आठवडे गेले ती वेगळीच कथा. दुसरी चूक म्हणजे तीस तासांचा व्हिडिओ कोर्स घेतला, त्याचे चार तास झालेत, पुढचे सव्वीस तास माझ्या म्हातारपणासाठी राखून ठेवलेत.

मग ऑफिसातल्या ज्युनिअर पोरीनं सांगितलं, दादा तुम्ही एक्सरसिझम का करत नाही, आम्ही कॉलेजात असताना करत होतो. मी म्हटलं हे आणि काय, जिमचं नाव वाटतंय. तर ते तसंच निघालं म्हणायचं.

काय आहे ते थोडक्यात. २०१३ साली कॅटरिना ओवेन नावाच्या प्रोग्रामर बाईंनी सुरू केलेलं, नफ्यासाठी नाही, देणग्यांवर आणि व्हॉलंटिअर लोकांवर चालतं. ७० हून जास्त प्रोग्रामिंग भाषा आहेत, त्याला ते ट्रॅक म्हणतात, नुसत्या पायथनच्या ट्रॅकमध्ये शंभरच्या वर प्रॉब्लेम आहेत. प्रत्येक प्रॉब्लेमबरोबर टेस्ट, म्हणजे तुमचा कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या, तयार असतात. तुम्ही फंक्शन (एक ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) लिहायचं, टेस्ट चालवायच्या, लाल आलं तर कुठं चुकलं ते दिसतं, सगळं हिरवं झालं की सबमिट. ब्राउझरमध्येच एडिटर आहे, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. आणि ज्याला स्वतःच्या मशीनवर करायचंय त्यानं त्यांचं छोटं कमांड लाइनचं टूल घ्यायचं, डाउनलोड आणि सबमिट अशा दोन कमांड आल्या की झालं. मी तिकडंच गेलो, का ते खाली सांगतो.

वेळेचं गणित मात्र माझं स्वतःचं आहे. आमच्याकडं पाणी सकाळी येतं. मोटर चालू केली की वरची टाकी भरायला बावीस-तेवीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ कुणालातरी जागेवर थांबायला लागतं, नाहीतर टाकी ओव्हरफ्लो होऊन शेजारच्या काकूंच्या वाळवणावर पाणी. आधी हा वेळ मी मोबाइल बघत घालवायचो. आता मोटरचं बटण दाबलं की लॅपटॉप उघडतो, टाकी भरली की बंद. अलार्म लावायला लागत नाही, स्ट्रीक सांभाळायला लागत नाही, ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी सुट्टी. सात महिन्यांत आठवड्याला सरासरी पाच दिवस पडले असतील, प्रॉब्लेम झाले नव्वदच्या आसपास. हे म्हणजे लई काय मोठं नाही, पण त्या तीस तासांच्या कोर्सपेक्षा कैक पटीनं जास्त कोड स्वतःच्या हातानं लिहून झालाय.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला, त्या वीस मिनिटांत एआय बंद, एडिटरचं आपोआप भरणं पण बंद. यासाठीच स्वतःच्या मशीनवर साधा कोरा एडिटर उघडून लिहायला लागलो. पहिले चार दिवस इतकी चिडचिड झाली, कोलन विसरतोय, रेंजचा शेवटचा आकडा धरायचा का सोडायचा त्यात घोळ, लूपमधून (तेच काम परत परत करणारा कोडचा भाग) रिटर्न एक टॅब आत टाकून बसलोय. आठ वर्षांचा अनुभव म्हणे! पण साधारण तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की ऑफिसात एडिटर जे सुचवतोय ते मी आता वाचतोय, नुसता टॅब मारत नाही, आणि कधीकधी ते चुकीचं असतं हेही दिसायला लागलं.

सुरुवातीचे प्रॉब्लेम अगदी सोपे आहेत, त्याला नाक मुरडू नका. पायथनच्या ट्रॅकवर पहिल्या काहीतच एक लसान्याचा (थरांचा इटालियन पदार्थ) प्रॉब्लेम आहे, ओव्हनमध्ये ४० मिनिटं ठेवायचा, एका थराच्या तयारीला २ मिनिटं, तर इतक्या थरांना एकूण किती वेळ असं फंक्शन लिहायचं. मी आयुष्यात लसान्या खाल्लेला नाही, मी मनातल्या मनात त्याची मिसळ केली, कट उकळायला ४० आणि एका प्लेटला २, गणित तेच.

आता खरी गंमत. लीप नावाचा प्रॉब्लेम आहे, वर्ष लीप आहे का सांगायचं. चारनं भाग जातो तर लीप, पण शंभरनं गेला तर नाही, पण चारशेनं गेला तर परत लीप, म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं. मी लिहिलं ते इफच्या आत इफच्या आत इफ, चौदा ओळी, टेस्ट सगळ्या हिरव्या. झालं म्हणून टॅब बंद करणार होतो. पण सबमिट केल्यावर इथं बाकीच्यांची उत्तरं बघता येतात, आणि तिथं पहिलंच उत्तर एका ओळीचं, चारनं जातो आणि, कंसात, शंभरनं जात नाही किंवा चारशेनं जातो. बास. ट्रू का फॉल्स हे तो हिशोब स्वतःच सांगतोय, मग मी इफ लावून ट्रू रिटर्न करा, एल्स लावून फॉल्स रिटर्न करा असं का लिहीत बसलोय, म्हणजे घरात पाहुणे आलेत का विचारल्यावर, जर पाहुणे आले असतील तर हो म्हण आणि नसतील तर नाही म्हण, असं उत्तर देण्यासारखं. मग आमच्या ऑफिसचा कोड उघडून बघितला तर एका फाइलमध्ये हाच प्रकार एकतीस वेळा. त्यातले वीस-बावीस तर माझेच.

त्या दिवसापासून मी वीस मिनिटांची वाटणी बदलली. बारा-तेरा मिनिटं सोडवायला, उरलेली सात बाकीच्यांची दोन-तीन उत्तरं वाचून, ती मिटवून, आपलं परत कोऱ्यावरनं लिहायला. कॉपी करायचं नाही, बघून मिटवायचं आणि लिहायचं. हे साइट तुमच्याकडनं जबरदस्तीनं करून घेत नाही, तुम्ही केलं तर केलं, आणि म्हणूनच बहुतेक लोक टेस्ट हिरव्या झाल्या की पुढच्या प्रॉब्लेमवर उडी मारतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर सात महिन्यांत जे काय शिकलो त्यातलं निम्म्याहून जास्त त्या सात मिनिटांत शिकलो, पहिल्यांदा सोडवताना तर मी मला जे येतं तेच परत वापरत होतो. आणि रविवारी नवीन प्रॉब्लेम घेत नाही, दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा एखादा जुना काढून कोऱ्या पानावर परत लिहितो. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की पाठ केलेलं किती पटापट उडून जातं आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली की कसं टिकतं, त्यानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली होती, मी पहिल्या काही रविवारी माझीच उत्तरं बघून हे कुणी लिहिलंय म्हणत बसलो होतो, फरक एवढाच.

घरात या प्रकाराला मान्यता मिळाली ती गिगासेकंद नावाच्या प्रॉब्लेममुळं. एक तारीख दिली की त्यात १ अब्ज सेकंद मिळवून कुठली तारीख येते ते सांगायचं. १ अब्ज सेकंद म्हणजे ११,५७४ दिवस आणि वर १ तास ४६ मिनिटं ४० सेकंद, साधारण ३१ वर्षं आणि आठ महिने. कोड दोन ओळींचा आहे, पायथनला तारखेत सेकंद मिळवता येतात, पण मला चाळा म्हणून आप्पांची तारीख घातली, १ जून १९६२. उत्तर आलं ७ फेब्रुवारी १९९४, रात्री १ वाजून ४६ मिनिटं. मी तेव्हा तीन महिन्यांचा. आई चहा गाळता गाळता म्हणाली, पावणेदोनला ना, जागेच होतो की आम्ही, तू झोपू कुठं देत होतास. आणि आप्पा हसायला लागले, म्हणाले अरे १ जून माझी तारीखच न्हवं, शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या पोरांची तीच टाकली, मी आखाडातला. म्हणजे कोड बरोबर, टेस्ट हिरव्या आणि इनपुटच खोटं. ऑफिसात क्लायंटचा डेटा आयात करताना नेमकं हेच होतं, पण ते मी आप्पांना सांगत बसलो नाही.

आप्पा तरुणपणी तालमीत जायचे, त्यामुळं रोज थोडं थोडं करणे याचं त्यांना मी काय कौतुक सांगणार. उलट त्यांनीच एकदा विचारलं, किती जोर मारलास ते सांगू नको, लढत कुणासंगं केलीस ते सांग. एकट्यानं जोर-बैठका काढून अंग होतं, डाव बसत नाही, त्यासाठी समोर कुणीतरी लागतो जो तुझी चूक धरून तुला पाडेल. मी म्हटलं आप्पा, ते पण आहे.

आणि ते खरंच आहे, त्याला ते मेंटॉरिंग म्हणतात. तुमचं उत्तर मेंटॉरला पाठवायचं, जगातला कुठलातरी व्हॉलंटिअर ते वाचून तुम्हाला लिहितो, तेही फुकट. फुकट आहे, व्हॉलंटिअर आहे, त्यामुळं उत्तर आज येईल का चार दिवसांनी याची घाई करायची नाही, हे धरूनच पाठवायचं. मी सगळे पाठवत नाही, दहा-बारा पाठवले असतील. त्यातला एक सांगतो. रोबोट नेम म्हणून प्रॉब्लेम आहे, प्रत्येक नव्या रोबोटला रँडम नाव द्यायचं, दोन अक्षरं तीन आकडे, आणि नाव परत यायचं नाही. मी सरळ लिहिलं, रँडम नाव बनव, आधी दिलेल्यांच्या सेटमध्ये आहे का बघ, असेल तर परत बनव. टेस्ट पास. मेंटॉरनं काही दुरुस्त केलं नाही, नुसता एक प्रश्न लिहिला, एकूण नावं किती होतील आणि शेवटचं एकच नाव उरलं असताना तुझ्या लूपला ते सापडायला किती वेळ लागेल?

कागद घेऊन बसलो. २६ गुणिले २६ गुणिले १०००, म्हणजे ६ लाख ७६ हजार नावं. शेवटचं नाव अंदाजानं फेकत फेकत शोधायचं तर सरासरी तेवढेच ६ लाख ७६ हजार प्रयत्न. आणि सगळी संपल्यावर एक रोबोट अजून मागितला तर? लूप कधीच थांबणार नाही, प्रोग्राम अडकून बसणार, एरर पण देणार नाही. दुसऱ्या दिवशी पत्त्यासारखी सगळी नावं आधीच पिसून ठेवली आणि वरनं एकेक काढत गेलो, संपली की सरळ सांगायचं संपली. मेंटॉरनं एक अंगठा पाठवला. आप्पांना हे जसंच्या तसं सांगितलं, ते म्हणाले, हां, ही लढत.

आता कामात काय उपयोग झाला ते विचाराल, तर त्याचं एक ठळक उदाहरण आहे. स्पेस एज नावाच्या प्रॉब्लेममध्ये सेकंदात वय देतात आणि वेगवेगळ्या ग्रहांवर किती वर्षं झाली ते काढायचं, दोन दशांशापर्यंत राऊंड करून. पृथ्वीवर १ अब्ज सेकंद म्हणजे ३१.६९ वर्षं, हे मला गिगासेकंदमुळं आधीच माहीत होतं. टाकीला अजून पाच मिनिटं होती म्हणून पायथनच्या राऊंडबद्दल जरा वाचलं, आणि चहाचा कप तसाच राहिला. पायथनमध्ये राऊंड करताना बरोबर मधला आकडा आला, म्हणजे अर्धा, तर तो वर जात नाही, जवळच्या सम आकड्याकडं जातो. २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. जावास्क्रिप्टचं नेहमीचं राऊंड मात्र २.५ चे ३ करतं.

आमच्या बिलात पायथनचं राऊंड होतं. एका फौंड्रीचे अकाउंटंट काका वर्षभर सांगत होते, काही काही बिलात तुमचा एक रुपया कमी येतोय, आणि आम्ही वर्षभर त्यांना ॲडजस्टमेंटची एंट्री मारा म्हणत होतो, कारण आम्हाला तो प्रॉब्लेम परत करून दाखवता येत नव्हता. येणार कसा, बिलाचा शेवट बरोबर ५० पैशांवर आला पाहिजे आणि आधीचा रुपया सम पाहिजे, तरच. १२५१ रुपये ५० पैसे होते तिथं १२५२ बरोबर यायचं, आणि १२५० रुपये ५० पैसे होते तिथं १२५१ च्या जागी १२५०. जीएसटीच्या कायद्यातच, कलम १७० मध्ये, स्वच्छ लिहिलंय की ५० पैसे किंवा जास्त असेल तर पुढचा रुपया धरायचा. चूक शंभर टक्के आमची, म्हणजे माझीच. त्याच दिवशी ऑफिसात जाऊन डेसिमल हे पायथनचं दशांश हिशोबाचं साधन वापरून, अर्धा आला की वरच जायचं असं सांगून ते बदललं, दहा मिनिटांचं काम. काकांना फोन केला तर म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? वर्षभर त्यांना आपण हिशोब शिकवत होतो याची लाज वाटली खरी.

हे रोज होत नाही, खोटं कशाला सांगू. नव्वद प्रॉब्लेममधला एक असा थेट कामाला आला. बाकी फायदा असा बोट ठेवून दाखवता येत नाही, पण फंक्शन छोटी झाली, नावं बरी द्यायला लागलो, आणि ज्युनिअर पोरीचा कोड रिव्ह्यू करताना नुसतं ओके न लिहिता दोन ओळी लिहायला लागलो. तिचं म्हणणं, दादा आधी बरं होतं.

बाकीच्या साइट पण चाखून बघितल्या, एकेका वाक्यात सांगतो. कोडवॉर्समध्ये प्रॉब्लेमला काता म्हणतात, कराटेतला शब्द, आणि प्रोग्रामिंगच्या सरावाला तो पहिल्यांदा लावला डेव्ह थॉमस या प्रोग्रामरनं. ८ क्यूपासून सुरू होऊन १ क्यूपर्यंत चढायचं, बेल्टसारखं, आणि सुटल्यावर इतरांची उत्तरं दिसतात, त्याला बेस्ट प्रॅक्टिस आणि क्लेव्हर अशी मतं देता येतात. तिथं मजा आहे, चढायची झिंग लागते, पण मला स्वतःला क्लेव्हरवाली उत्तरं बघून तसलं लिहायची खाज सुटली, आणि एका ओळीत सगळं कोंबलेला कोड ऑफिसात कुणी लिहिला तर मीच त्याला चहा पाजणार नाही. लीटकोड इंटरव्ह्यूसाठीच आहे, रोजचा एक ठरलेला प्रॉब्लेम असतो, मोठ्या कंपन्यांसाठी तयारी करताय तर तिकडंच जा, मला ते सकाळच्या बावीस मिनिटांत बसत नाही. प्रोजेक्ट ऑयलर २००१ पासून आहे, गणिताकडं झुकलेलं, पहिला प्रॉब्लेम १००० च्या खालच्या ३ किंवा ५ नं भाग जाणाऱ्या आकड्यांची बेरीज, उत्तर २३३१६८. लूपनं कुणीही काढेल, पण आमच्या आप्पांनी विचारलं, कागदावर सूत्र मांडून होत नाही का, आणि होतं की, तीनच्या पाढ्याची बेरीज अधिक पाचच्या पाढ्याची वजा पंधराच्या पाढ्याची. तेव्हा माझा जरा पोपट झाला.

ॲडव्हेंट ऑफ कोड मात्र माझं आवडतं आहे, एरिक वास्टल हा माणूस २०१५ पासून दर डिसेंबरला रोज एक कोडं टाकतो, दोन भागांचं, पहिला सुटला तरच दुसरा दिसतो. आधी २५ दिवस चालायचं, २०२५ पासून १२ केलेत. कोडं अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनं मध्यरात्री उघडतं, म्हणजे आपल्याकडं सकाळी साडेदहा, म्हणजे बरोबर आमच्या स्टँडअपच्या, रोजच्या छोट्या मीटिंगच्या वेळेला. डिसेंबरात आमच्या स्टँडअपला सगळे फार शांत असतात, साहेबांना वाटतं पोरं कामाला लागलीत.

एक्सरसिझम कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्यानं अजून एक ओळ लिहिलेली नाही त्याला इथं जरा जड जाईल, त्याच्यासाठी लर्निंग मोड आहे, एकेक कन्सेप्ट समजावून मग प्रॉब्लेम उघडतो, पण सगळं इंग्लिशमध्ये, आणि गोष्टी पण तिकडच्या, लसान्या, तळघर, पिझ्झा असलं. आपल्या गावाकडच्या डिप्लोमाच्या पोरांना कोड येतो पण प्रॉब्लेमचा पहिला परिच्छेद वाचतानाच दमतात, त्यांच्याबरोबर पहिले पाच कुणीतरी बसून करून घ्यावेत. आणि ज्याला वाटतंय की रोज वीस मिनिटं करून आपण अख्खी सिस्टिम बांधायला शिकू, त्याला तसं होणार नाही. डेटाबेस, सर्व्हर, क्लायंट रात्री अकराला फोन करून रिपोर्ट उघडत नाही म्हणतोय, यातलं काही इथं नाही. इथं फक्त एक फंक्शन नीट लिहायला शिकता येतं. माझं दुखणं तेवढंच होतं म्हणून मला लागू पडलं.

सुरू करायचंच असेल तर भाषा तीच घ्या ज्यात पोट भरताय, नवीन भाषा नंतर. मी चार महिन्यांनी हौस म्हणून एलिक्सिर घेतली, रेनड्रॉप्स नावाचा प्रॉब्लेम, ३ नं भाग गेला तर प्लिंग, ५ नं प्लँग, ७ नं प्लाँग. पायथनमध्ये सहा मिनिटं लागली होती, एलिक्सिरमध्ये दोन दिवस, कारण तिथं व्हेरिएबलमध्ये हळूहळू अक्षरं जोडत जायची सवय चालत नाही. त्याच दोन दिवसांत एकदा टाकी वाहून गेली, काकूंच्या सांडग्यांवरनं पाणी गेलं, आईनं अर्धा किलो सांडगे नेऊन दिले आणि माझा लॅपटॉप आठवडाभर मोटरपासून लांब ठेवला. साइटची यात काही चूक नाही.

तो इंटरव्ह्यू? तिथं झालं नाही. दुसरीकडं अजून दिलेला नाही, आणि आता तितकी घाई पण वाटत नाही. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा कापला तो फक्त मराठीत नाही म्हणून.

सध्या बॉलिंगवर अडकलोय. नाव वाचून मी खूष झालो, म्हटलं हे आपलं, तर ते दहा बाटल्या ठेवून बॉल घरंगळत सोडायचा ते बॉलिंग निघालं, जे मी कोल्हापुरात कधी खेळलेलो नाही. दहा फ्रेम असतात, प्रत्येकात दोन बॉल, पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर स्ट्राइक आणि पुढच्या दोन बॉलचे मार्क त्याला जोडायचे, दोन बॉलमध्ये दहा पडल्या तर स्पेअर आणि पुढच्या एकाचे जोडायचे. सगळेच स्ट्राइक पडले तर ३००. नऊ फ्रेमपर्यंत माझा कोड बरोबर चालतो, दहावीत स्ट्राइक पडला की वर अजून दोन बॉल टाकायचे असतात, तिथं बोंब. आज सकाळी मोटर चालू असताना आप्पा शेजारी येऊन बसले, त्यांना नियम सांगितले. त्यांनी विचारलं, बॅटिंगला कोण? मी म्हटलं कुणीच नाही. ते म्हणाले, मग दहाच्या दहा पडल्या म्हणजे डाव संपला की, वर अजून दोन बॉल कशाला टाकायचे?

माझ्या कोडचं पण नेमकं तेच म्हणणं आहे, आणि तीच टेस्ट तीन दिवस लाल येतीय.